मशीन हलवलं की झिरो टर्न मोवर एका बाजूला ओढतो नाहीतर मधेच बंद पडतो, आधी काय तपासायचं

झिरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा, वर बसून चालवायचा गवत कापायचा मोवर, त्याची ही तक्रार सारखी येते. काल संध्याकाळपर्यंत मशीन मस्त चालत होतं, आज ट्रेलरवरून उतरवलं आणि सरळ जाईना, डावीकडे ओढतंय. नाहीतर थोडं खड्ड्यातून गेलं की इंजिन बंद. नाहीतर सेल्फ मारला आणि मागून धूरच धूर. मग मेकॅनिक येतो, काहीतरी आवळतो, काही दिवस बरं चालतं, आणि पुढच्या वेळी मशीन दुसऱ्या जागेवर नेलं की परत तेच रडगाणं सुरू. शेवटी कोणीतरी सांगतं हायड्रो, म्हणजे तेलाच्या दाबावर चाक फिरवणारा पंप आणि मोटर, गेला, नवा टाका, आणि तो खर्च ऐकूनच मालक खाली बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जो त्रास प्रत्येक वेळी मशीन हलवल्यानंतरच होतो त्याचं कारण आधी हलवण्यातच शोधा. ढकलताना, चढवताना, बांधताना, उतरवताना काय काय हात लागले ते बघा, पंप खोलायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. आणि हे फक्त पैसे वाचवण्यासाठी सांगत नाहीये, हाच दोष सपाट जागेवर नुसता वैताग देतो पण रॅम्पवर माणूस मशीनखाली घालतो, म्हणून जीव तोडून लिहितोय.

आधी मशीन कसं चालतं ते एकदा डोक्यात पक्कं करा. लिव्हरवाल्या झिरो टर्नला स्टिअरिंग नसतं, पुढची दोन चाकं कॅस्टर असतात, ती नुसती मागच्यांच्या मागे वळतात, त्यांच्यावर कसलाही ताबा नाही. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतःचा हायड्रो पंप आणि मोटर, डाव्या लिव्हरने डावं चाक, उजव्या लिव्हरने उजवं. वळणं त्या दोन चाकांच्या फरकावर आणि चालू मशीन थांबवणंही लिव्हर न्यूट्रलला आणून, म्हणजे त्याच हायड्रोवर. पार्किंग ब्रेक हा उभं मशीन धरून ठेवायला. म्हणजे एका बाजूचा जोर कमी झाला की वळणं आणि थांबणं दोन्ही एकदमच बिघडतं. सपाटीवर ऑपरेटर दुसरी लिव्हर थोडी मागे घेऊन सांभाळून घेतो आणि म्हणतो चालतंय की, पण रॅम्पवर मशीनचं सगळं वजन खाली खेचत असतं, कमजोर बाजू तिथे हात टेकते, दुसरं चाक ढकलत राहतं आणि मशीन कडेवरून तिरकं खाली येतं. कमर्शियल मशीन साधारण 400 ते 700 किलोचं असतं, ते दोन माणसांनी धरून थांबत नाही. त्यामुळे एका बाजूला ओढणारं मशीन कारण सापडेपर्यंत रॅम्पवर घ्यायचं नाही, यात तडजोड करू नका.

एका बाजूला ओढतंय

सगळ्यात आधी बायपास वाल्व. इंजिन बंद असताना मशीन हाताने ढकलता यावं म्हणून प्रत्येक हायड्रोला एक बायपास दिलेला असतो, तो उघडला की तेल मोटरला जोर न लावता आतल्या आतच फिरतं आणि चाक मोकळं होतं. काही मशीनला मागच्या बाजूला दोन रॉड असतात, ते ओढून फ्रेमच्या खाचेत अडकवायचे, काहींना पंपावरच पान्याने फिरवायचा वाल्व असतो. गॅरेजमधून बाहेर काढताना, ट्रेलरवर कोपऱ्यात सरकवताना कोणीतरी हे उघडतं आणि मग एक बंद करतं, दुसरं राहून जातं, किंवा अर्धवट बंद होतं. अर्धवटवालं जास्त वाईट, कारण पूर्ण उघडं असेल तर चाक फिरणारच नाही आणि लगेच कळेल, अर्धवट असेल तर मशीन चालतं, फक्त त्या बाजूला दम नसतो.

रॉडवालं मशीन असेल तर खाली वाकून टॉर्चने बघा. रॉडची मान ज्या खाचेतून आत जाते तिथे वाळलेल्या गवताचा आणि तेलाचा मिळून एक काळा घट्ट गोळा जमतो, रॉड सोडला की तो आत गेल्यासारखा वाटतो पण त्या गोळ्यावर टेकून थोडासा बाहेरच राहतो. वरून बघणाऱ्याला दोन्ही रॉड सारखेच दिसतात. बोटाने दाबून बघा, दोन्ही सारखे आत जाऊन बसतात का, मग ती खाच ब्रशने साफ करा. पान्यावाला वाल्व असेल तर तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत किती फिरवायचा ते दिलेलं असतं, बऱ्याच मशीनवर उघडायला एकच फेरा पुरतो आणि त्याहून जास्त फिरवला तर वाल्व बाहेर येऊन तेल सांडतं, बंद करताना पण दात ओठ खाऊन आवळायचा नाही.

हे करताना एक गोष्ट विसरू नका, बायपास उघडा म्हणजे हायड्रोने चाक धरून ठेवणं संपलं. उतारावर किंवा ट्रेलरवर मशीन उभं असताना बायपासला हात लावायचा तर आधी पार्किंग ब्रेक ओढलेला पाहिजे आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे पाहिजेत. सपाट जागेवर ढकलायचं असेल तेव्हाच ब्रेक सोडायचा, आणि ढकलायचं म्हणजे हाताने, हळू, थोडंच अंतर. टोचन करून नेऊ नका. गाडीच्या मागे दोरी बांधून झिरो टर्न ओढत नेला की हायड्रो आतून खराब होतो, बायपास उघडा ठेवला तरी. बरेच हायड्रो असेच गेलेत आणि नाव मात्र कंपनीचं खराब होतं.

बायपास ठीक असेल तर मग टायरची हवा. हे ऐकायला फालतू वाटतं पण बऱ्याचदा हेच निघतं. मागच्या टायरमध्ये बहुतेक कमर्शियल झिरो टर्नला 12 ते 15 पीएसआयच्या आसपास हवा असते, नक्की आकडा पुस्तिकेत बघा, आणि एवढ्या कमी हवेत 3 पीएसआयचा फरकही मोठा असतो. ज्या बाजूला हवा कमी तो टायर दबतो, एका फेऱ्यात कमी अंतर जातो, मशीन त्या बाजूला ओढतं, वर डेक, म्हणजे ब्लेडवरचा पत्र्याचा डबा, पण तिरका होतो आणि गवत एका कडेला खोल कापलं जातं. म्हणजे ओढतंय आणि कट पण वाकडा येतोय असं दोन्ही असेल तर आधी गेज लावा. टायर थंड असताना मोजा, आणि कमी आकड्याचं गेज घ्या, मोटारीच्या टायरच्या गेजवर 12 आणि 15 मधला फरक नीट दिसत नाही.

मग लिव्हरची लिंकेज, म्हणजे लिव्हरपासून पंपापर्यंत जाणारे रॉड आणि सांधे. इथे बांधणाऱ्याचा हात असतो. ट्रेलरवर पट्टा टाकताना सगळ्यात सोयीची जागा कुठली दिसते तर लिव्हर, लगेच त्याच्यावरून पट्टा नेऊन रॅचेट आवळला जातो. किंवा मशीन सरकवायला लिव्हर धरूनच ओढतात. लिव्हर जरासा वाकला किंवा खालच्या रॉडचा बॉल जॉइंट ढिला झाला की दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकलले तरी एक पंप पूर्ण उघडत नाही. इंजिन बंद करून, चावी काढून, एकाने लिव्हर हळू हलवायचे आणि दुसऱ्याने खाली बघायचं, दोन्हीकडे हालचाल लिव्हरबरोबरच सुरू होते का, की एकीकडे आधी थोडा खेळ दिसतो. नट ढिला असेल तर तिथे गंज किंवा चकाकी दिसते. हे सगळं ठीक असून थोडंसंच ओढत असेल तर बहुतेक मशीनला ट्रॅकिंगचा, म्हणजे सरळ चालण्याचा, अॅडजस्टमेंट स्क्रू असतो, तो अगदी शेवटी फिरवायचा. लोक आधी तोच फिरवतात आणि खरा दोष झाकला जातो, मग पुढच्या वेळी बायपास नीट बसला की मशीन उलट्या बाजूला ओढतं.

इथे एक गोष्ट कामाची आहे, कमजोरी एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना. बहुतेक मशीनवर दोन्ही पंप एकाच बेल्टवर चालतात. दोन्ही बाजू मंद असतील तर बेल्ट, आयडलर पुली (बेल्ट ताणून धरणारी), तिची स्प्रिंग बघा, बेल्टची कड चकचकीत आणि कडक झाली असेल तर तो घसरतोय. एकच बाजू मंद असेल तर बेल्टला दोष देऊ नका, बायपास, लिंकेज आणि त्याच बाजूचा हायड्रो एवढंच उरतं. आणि सकाळी थंड असताना चांगलं, तासाभराने गरम झाल्यावर एक बाजू ढिली पडत असेल तर तेलाची पातळी बघा, पंपावरचा छोटा पंखा तुटलाय का बघा, आणि पंपाच्या भोवती गवत किती साचलंय ते बघा. गवताची गादी बसली की पंप थंडच होत नाही.

तेल बदललं असेल किंवा पाइप खोलला असेल तर आत हवा राहते, घरघर आवाज येतो आणि चाक धक्के देत फिरतं. ती हवा काढायला चाकं उचलून, बायपास आधी उघडे आणि मग बंद ठेवून लिव्हर पुढे मागे हळू फिरवावे लागतात, पण चालू इंजिनवर उचललेलं मशीन हे अनुभवी मेकॅनिकचं काम, जॅकवर तर कधीच नाही, खाली पक्के स्टँड पाहिजेत. आणि तेल गळतंय का हे हात फिरवून शोधू नका. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी डोळ्यांना दिसत नाही पण कातडी फोडून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत हात सडतो, अशा वेळी त्याच दिवशी, काही तासांच्या आत डॉक्टरकडे जावं लागतं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगावं लागतं की हायड्रॉलिक तेल आत गेलंय. पुठ्ठा धरून शोधा, गळती पुठ्ठ्यावर उमटते.

खड्ड्यात इंजिन बंद पडतं

इथे लक्ष द्यायचं ते फक्त बंद नेमकं कधी पडतं याच्याकडे. धक्का बसला की पडतं तर सीटचा स्विच किंवा त्याची वायर. चालवायला लिव्हर आत घेतल्या क्षणी पडतं तर पार्किंग ब्रेक पूर्ण सुटलेला नाही किंवा त्याचा स्विच मागे राहिलाय. ब्लेड सुरू करायला पीटीओचं, म्हणजे इंजिनचा जोर ब्लेडला जोडणाऱ्या क्लचचं, बटण ओढलं की पडतं तर परत सीटचा स्विच, नाहीतर पीटीओच्या क्लचची वायर कुठेतरी बॉडीला लागतेय, किंवा बॅटरीच मेली आहे.

सीटवालं सगळ्यात जास्त. सीट बिजागरीवर पुढे उलटते, ट्रेलरवर वाऱ्याने किंवा धक्क्याने ती आपटत राहते, आणि खालची दोन तारांची वायर बिजागरीच्या पत्र्यात चिमटली जाते. सीट उलटून ती वायर बोटांत धरून वळवा, एका जागी वरचं काळं आवरण घासून उडालेलं असतं आणि आतलं तांबं चमकतं. तिथेच सगळा खेळ आहे, खड्डा आला की ते तांबं पत्र्याला टेकतं किंवा तुटक्या तारा वेगळ्या होतात. कनेक्टर पण काढून बघा, हिरवट गंज असेल तर साफ करून कनेक्टरसाठी मिळतं ते ग्रीस लावा. वायर बदलली की पुन्हा चिमटणार नाही अशी क्लिपने बाजूला बांधा, नाहीतर पुढच्या फेरीला परत तेच.

आता मनापासून सांगतो, त्या दोन तारा एकमेकांना जोडून कामाला लागू नका. करतात, मला माहिती आहे, काम अडलेलं असतं, पाऊस येणार असतो, दोन मिनिटांत जुगाड होतो. पण तो स्विच ज्या क्षणासाठी आहे तो क्षण म्हणजे ऑपरेटर सीटवरून फेकला गेला, मशीन चालूच आहे, लिव्हर पुढे आहेत आणि खाली ब्लेड फिरतायत. तारा जोडलेल्या मशीनला कळतच नाही की वर कोणी नाही. स्विच सुद्धा पीटीओ बंद करतो तेव्हा ब्लेड लगेच थांबत नाहीत, काही सेकंद फिरतच राहतात, मग स्विचच नसला तर काय होईल बघा. आणि एकदा जोडलेली तार कोणी परत सोडत नाही, ती पुढच्या ऑपरेटरच्या वाट्याला येते आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून दुसऱ्याकडून आलेलं मशीन घेताना मोकळ्या सपाट जागेत ही परीक्षा घ्याच. पीटीओ ऑन ठेवून सेल्फ मारा, फिरता कामा नये. मग इंजिन सुरू असताना पार्किंग ब्रेक सोडून, लिव्हर न्यूट्रलला ठेवून, पीटीओ बंद असताना सीटवरून जरासं उठा, इंजिन बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर मशीन कामाला लावायचं नाही.

उतरवल्यावर धूर, आणि तेल वाढलेलं

हे कार्ब्युरेटरवाल्या मशीनला. टाकीच्या खाली पेट्रोलचा छोटा कॉक असतो, तो बंद न करता मशीन लांब नेलं की ट्रेलरच्या हादऱ्यांनी कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई नाचत राहते, बसत नाही, आणि पेट्रोल झिरपत सिलिंडरमधून खाली इंजिन ऑइलमध्ये जातं, तेल वाढतं आणि सुरू केलं की धूर. म्हणून उतरवल्यावर सेल्फ मारायच्या आधी डिपस्टिक काढा. तेल खुणेच्या वर गेलंय, पातळ झालंय, पेट्रोलचा वास येतोय, तर सुरू करू नका, ऑइल बदला. सेल्फ मारला आणि ठक् करून अडकला तर सिलिंडर पेट्रोलने भरलाय, परत परत मारून काही होत नाही, उलट कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिकला बोलवा, प्लग काढला की पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि जवळ ठिणगी असेल तर भडका. हे सगळं एका कॉकमुळे.

चढवणं आणि बांधणं

रॅम्प पूर्ण रुंदीचा एकच घ्या. दोन सुट्या फळ्यांवर झिरो टर्न चढवणं म्हणजे मधे मोकळी जागा, आणि चाक जरा सरकलं की ते त्या जागेत. लांबीचा सोपा हिशोब असा की ट्रेलरचा पाटा जमिनीपासून जेवढा उंच त्याच्या निदान चौपट लांब रॅम्प, पाटा 60 सेंटीमीटरवर असेल तर रॅम्प 2.4 मीटर, म्हणजे सपाट जमिनीवर चढ 15 अंशांच्या आत राहतो. जमीनच तिरकी असेल तर हा हिशोब चुकतो, ट्रेलर सपाट जागी नेऊन लावा. ट्रेलर गाडीला जोडलेलाच पाहिजे, गाडीचा हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. सुटा ट्रेलर असेल तर मशीन मागच्या टोकावर आल्याबरोबर त्याचा दांडा हवेत जातो.

मशीन रिव्हर्समध्ये चढवायचं आणि पुढे तोंड करून उतरवायचं. इंजिन मागे आहे, जास्त वजन मागच्या चाकांवर आहे, तोंड पुढे करून चढवलं आणि जरा झटका दिला की पुढची चाकं उचलली जातात आणि मशीन मागे उलटून ऑपरेटरवर येतं. रिव्हर्समध्ये जड बाजू वरच्या अंगाला राहते. डेक वर उचललेला, पीटीओ बंद, रोलबार (मशीन उलटलं तर ऑपरेटरला वाचवणारी मागची कमान) उभा आणि सीटबेल्ट लावलेला. रोलबार खाली पाडलेला असेल तर मात्र सीटबेल्ट लावायचा नाही, पण मग रॅम्पवर चढायचंच कशाला, दोन मिनिटं लागतात तो उभा करायला. लिव्हर एकदम हळू, मधे झटका नाही, दिशा बदलणं नाही. टायरला ओलं गवत चिकटलेलं असेल तर आधी काढा, चाक घसरलं की झिरो टर्नवर वळणं आणि थांबणं दोन्ही एकाच वेळी जातं, तेच कारण ओल्या उतारावर कापताना पण लागू आहे, आणि पाण्याच्या कडेपासून, बांधाच्या टोकापासून मशीनच्या दुप्पट रुंदीएवढं लांब राहायचं ते पण ह्याच्यासाठीच. खुणा करणारा माणूस ऑपरेटरला दिसेल असा बाजूला उभा पाहिजे, रॅम्पच्या खाली किंवा रेषेत कोणीही नको, हात लावून आधार द्यायला तर अजिबात नको.

वर आल्यावर पार्किंग ब्रेक, डेक खाली, इंजिन बंद, चावी खिशात, पेट्रोलचा कॉक बंद. मशीन थोडं ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे उभं करा म्हणजे गाडीच्या हुकावर वजन येतं, मागे वजन जास्त झालं की रस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. पट्टे चार, चारी कोपऱ्यांना, फ्रेमला किंवा बांधायला दिलेल्या कड्यांना, खाली आणि बाहेरच्या दिशेला ओढणारे. लिव्हरवर नाही, सीटवर नाही, डेकवर नाही, बायपासच्या रॉडवर तर नाहीच. सीटला एक छोटा पट्टा वेगळा लावला तर ती आपटत नाही आणि खालची वायर वाचते. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे परत आवळा, टायर दबलेले असतात म्हणून पहिल्या काही किलोमीटरमध्येच ते ढिले पडतात.

उतरवण्यापूर्वी मशीन ट्रेलरवरच असताना, ब्रेक आणि ठोकळे लागलेले असताना, दोन्ही बायपासवर हात फिरवून घ्या की पूर्ण बंद आहेत. खाली उतरल्यावर सपाट जागेत, पीटीओ बंद ठेवून, हळू वेगात दोन्ही लिव्हर सारखे पुढे करून थोडं सरळ चालवा, मग मागे. इथेच ओढत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे बायपास, हवा, लिंकेज. हे तिन्ही ठीक असून सुद्धा एक बाजू गरम झाल्यावर सुटतेच, तेल पूर्ण आहे, पंखा चांगला आहे, तर मग हायड्रो खोलायला द्या, आणि मेकॅनिकला काय काय तपासून झालंय ते लिहून द्या म्हणजे तो परत ट्रॅकिंगचा स्क्रू फिरवून मशीन परत पाठवणार नाही.